उदरातील सहजीवन

ओडिशाच्या ग्रामीण भागात नवजात बालकांवर झालेल्या एका वैद्यकीय चाचणीचा अहवाल ऑगस्ट २०१७ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १४९ गावांतील ४,५५६ बालके या चाचणीत सहभागी होती. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी त्यांतील एका गटाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, सलग सात दिवस, ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम’ या जिवाणूचे एक विशिष्ट वाण आणि त्या जिवाणूचे खाद्य ठरणारी शर्करा तोंडावाटे दिली. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली भुकटी दिली. त्यानंतर ६० दिवस प्रत्येक बालकावर लक्ष ठेवण्यात आले. दुसऱ्या गटात सेप्सिस, म्हणजे सर्व शरीरात पसरणारा जंतुसंसर्ग, किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्के होते. जिवाणू दिलेल्या गटात ते ५.४ टक्क्यांवर आले. परिणाम इतका स्पष्ट होता की, ही चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. एका बालकामागे येणारा खर्च सुमारे एक डॉलर असेल, असा संशोधकांचा अंदाज होता.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारतात दर १,००० जिवंत जन्मांमागे २० बालके पहिला महिनाही पाहू शकली नाहीत. त्या पार्श्वभूमीवर ओडिशातील हा निष्कर्ष घराघरांत पोहोचायला हवा होता. प्रत्यक्षात मध्यमवर्गीय घरांत ‘प्रोबायोटिक’ हा शब्द पोहोचला तो औषधाच्या दुकानातील काचेच्या कपाटातून, शीतपेटीतील रंगीत बाटल्यांतून आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून. पचन सुधारा, प्रतिकारशक्ती वाढवा, मन प्रसन्न ठेवा अशा आश्वासनांची त्या जाहिरातींत रेलचेल असते. एकाच विषयाची ही दोन रूपे आहेत. एका बाजूला खेड्यातील झोपडीत जन्मलेल्या बालकाचे प्राण वाचवू पाहणारे संशोधन, तर दुसऱ्या बाजूला शहरातील निरोगी माणसाच्या खिशाकडे पाहणारा बाजार. या दोहोंतील भेद सुशिक्षित कुटुंबांनी तरी जाणून घ्यायला हवा.

मनुष्याचे शरीर ही केवळ त्याच्या स्वतःच्या पेशींची मालमत्ता नाही. त्वचा, मुख आणि विशेषतः मोठे आतडे यांत अगणित सूक्ष्मजीव कायमचा निवास करून असतात. जिवाणूंची संख्या मानवी पेशींच्या दहापट असते, असे विधान अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतही छापले जात होते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली ही गणना पुन्हा काळजीपूर्वक केली, तेव्हा प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत, असे आढळले. म्हणजे दोन्ही संख्या जवळपास सारख्या आहेत, आणि या साऱ्या जिवाणूंचे एकत्रित वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. दहापटीचा आकडा ऐकायला आकर्षक होता. पण पडताळणीत तो टिकला नाही, आणि विज्ञानाने तो सोडून दिला.

या २०० ग्रॅमची कामगिरी मात्र थक्क करणारी आहे. धान्याच्या कोंड्यातील, डाळींतील आणि भाज्यांतील ज्या तंतूंचे पचन मानवी पाचकरस करू शकत नाहीत, ते मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा याच ब्युटिरेटपासून मिळवतात. हे अस्तर सशक्त राहिले, तर आतड्यातील जंतू रक्तात शिरत नाहीत. शिवाय उपकारक जिवाणूंनी जागा आणि अन्न व्यापलेले असल्यामुळे रोगकारक जंतूंना पाय रोवणे अवघड जाते. कोणता जंतू शत्रू आणि कोणता मित्र, याचे शिक्षण बालकाच्या प्रतिकारयंत्रणेला आयुष्याच्या आरंभीच्या काळात याच वस्तीच्या सान्निध्यात मिळते. २०१० साली युरोपातील १२४ व्यक्तींच्या अभ्यासात आतड्यातील जिवाणूंची सुमारे ३३ लाख जनुके मोजली गेली; ती मानवाच्या स्वतःच्या जनुकांच्या सुमारे १५० पट होती. एवढे विशाल रासायनिक सामर्थ्य माणसाच्या उदरात शांतपणे राबत असते.

या विचाराचा आधुनिक वैद्यकातील उगम शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील हेन्री तिसिए यांनी १८९९ साली स्तन्यपान करणाऱ्या बालकांच्या विष्ठेत ज्यांना आज बिफिडोबॅक्टेरिया म्हणतात, ते जिवाणू ओळखले. बल्गेरियाच्या स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली आपल्या देशातील दह्याचा जिवाणू वेगळा केला. पुढे पाश्चर संस्थेतीलच इल्या मेचनिकॉव्ह यांनी, ज्यांना १९०८ साली प्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे कारण त्यांच्या आंबट दुधात असावे, असे प्रतिपादन केले. मोठ्या आतड्यात अन्न कुजून त्याचे विष शरीरात भिनते, हे त्यांच्या विचाराचे दुसरे अंग होते. त्यातूनच एक विपरीत वळणही आले. लंडनचे शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अर्धवट ज्ञान उत्साहाच्या भरात कोठवर नेऊ शकते, याचा हा बोलका दाखला आहे. उदरातील जिवाणूंच्या नावाने आज जे अनेक दावे केले जातात, ते ऐकताना या इतिहासाचे स्मरण ठेवलेले बरे.

भारतीय मनाला या संशोधनाचे विशेष अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या विकारांत ताकाचे महत्त्व सांगितलेले आहे. जाठराग्नी मंदावला की रोगांना आमंत्रण मिळते, हा आयुर्वेदाचा पायाभूत विचार आहे. महाराष्ट्रात जेवणाचा शेवट ताकभाताने होतो, उन्हाळ्यात नाचणीची आंबील होते. ओडिशात रात्रभर पाण्यात आंबवलेल्या भाताचे पखाळ होते, बंगालमध्ये पांता भात, तर दक्षिणेत इडली. आंबवलेल्या अन्नाची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या समाजाने तिचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही.

तथापि, अभिमानाचे रूपांतर आत्मसंतुष्टतेत होता कामा नये. ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून विषय संपवला, तर नवे ज्ञान मिळवण्याची वाटच बंद होते. ताकाचा गुण अनुभवाने जाणणे ही एक गोष्ट आणि त्यातील कोणता जिवाणू, किती मात्रेत, कोणत्या विकारावर, कोणत्या मार्गाने कार्य करतो, हे सिद्ध करणे ही वेगळी गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली. जे सजीव सूक्ष्मजीव पुरेशा मात्रेत दिले असता आरोग्याला लाभ करून देतात, त्यांनाच हे नाव शोभते, असा तिचा आशय आहे. या कसोटीवर घरचे दही काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक ठरत नाही. कारण प्रत्येक घरच्या विरजणातील जिवाणू निराळे असतात आणि त्यांची मात्रा कोणी मोजलेली नसते. इडली वाफवताना आणि कढी उकळताना बहुतेक जिवाणू मरतात. याचा अर्थ हे पदार्थ निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. ते उत्तम अन्न आहेत. परंतु उत्तम अन्न आणि सिद्ध औषध यांची गल्लत करू नये.

वाणाचे महत्त्व कृषिप्रधान समाजाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्वारी म्हणून मालदांडी आणि संकरित ज्वारी एकच, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. जिवाणूंचेही तसेच आहे. एकाच जातीच्या एका वाणाने जे साधते, ते दुसऱ्याने साधेलच असे नाही. कोलकात्यातील राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेने केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ बालकांना रोज बारा आठवडे ‘लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा’ हे वाण असलेले किंवा नसलेले पेय देण्यात आले. जिवाणू घेणाऱ्या बालकांत जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. लाभ होता, पण तो माफक होता, हेही तेवढेच खरे. याउलट २०१८ साली अमेरिका आणि कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत, जुलाब सुरू झाल्यानंतर दिलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या औषधांनी बालकांना कोणताही विशेष फायदा झाला नाही. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन बहुतांश पचनविकारांत प्रोबायोटिकची शिफारस करण्यास नकार दिला. जुलाबावर क्षारसंजीवनी आणि जस्त हेच आजही पहिले उपचार आहेत.

सजीव औषध म्हणजे निर्धोक औषध, हाही भ्रमच आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के, तर न दिलेल्या गटात ६ टक्के रुग्ण दगावले. अकाली जन्मलेल्या बालकांना ही औषधे दिल्यास ते जिवाणूच रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली दिला. ओडिशाच्या चाचणीतही किमान दोन किलो वजनाची, निरोगी आणि मातेच्या दुधावर असलेली बालकेच घेतली होती, आणि तिचा लाभ मुख्यतः संसर्ग टळण्याचा होता. दोन्ही गटांत मृत्यू मोजकेच झाले होते. त्यामुळे त्या यशाचा दाखला देऊन अशक्त बालकाला दुकानातील कोणतीही पुडी चाटवणे हा शुद्ध अविचार ठरेल. जे एका प्रदेशात सिद्ध झाले, ते अन्यत्र आणि कमी वजनाच्या बालकांत पुन्हा पडताळले पाहिजे. शासनाने या पडताळणीला सातत्याने निधी आणि प्राधान्य द्यायला हवे.

हा विषय तातडीचा का आहे, हे दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासावरून समजते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिदक्षता कक्षात दाखल केलेल्या १३,५३० नवजात बालकांची नोंद होती. सेप्सिसला कारण ठरलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के, तर क्लेब्सिएला जंतूंपैकी ५४ टक्के जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे निघाले. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या शरीरात असे जंतू येतात ते त्याच्या स्वतःच्या चुकीने नव्हे. प्रतिजैविकांच्या बेफिकीर वापरातून ते पोसले गेले आहेत. सर्दीपडशाला प्रतिजैविक घेणे, दोन दिवसांत बरे वाटले की गोळ्या सोडणे, शेजाऱ्याला लागू पडलेले औषध दुकानदाराकडून चिठ्ठीविना आणणे, या सवयी सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतही मुरल्या आहेत. शासनाने २०१३ साली अनेक प्रतिजैविकांना ‘एच-वन’ अनुसूचीत घालून त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. नियम कागदावर आहे. त्याचे पालन ग्राहक आणि विक्रेता या दोघांच्या सचोटीवर अवलंबून आहे.

प्रतिजैविक हे जीवनदायी अस्त्र आहे आणि गरज असेल तेथे ते वापरलेच पाहिजे. परंतु ते रोगजंतूंबरोबर उदरातील उपकारक वस्तीही उद्ध्वस्त करते. त्यावर उतारा म्हणून प्रतिजैविकाच्या चिठ्ठीवर प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे. वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या छोट्या अभ्यासात मात्र असे आढळले की, प्रतिजैविकानंतर अनेक वाणांचे एकत्रित प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये मूळच्या जिवाणूंची वस्ती पूर्ववत होण्यास उलट अधिक विलंब लागला. गाव उठून गेले आणि परके लोक येऊन बसले, तर मूळ रहिवाशांना परतणे अवघड व्हावे, तसा हा प्रकार म्हणता येईल. या प्रश्नावर अंतिम शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. अनावश्यक प्रतिजैविक मुळात न घेणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे, याबाबत मात्र दुमत नाही.

बालकाच्या उदरातील वस्तीचा शिलान्यास जन्माच्या वेळीच होतो. नैसर्गिक प्रसूतीत मातेकडून त्याला पहिले जिवाणू मिळतात आणि मातेच्या दुधातील काही शर्करा तर बालकाला पचतही नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियांचे खाद्य म्हणूनच काम करतात. माता एकाच वेळी बालकाला आणि त्याच्या सहचर जिवाणूंना पोसत असते. निसर्गाच्या या योजनेची देशातील स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर पहिल्या तासात स्तन्यपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती, तर सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ मातेच्या दुधावर होती. खासगी रुग्णालयांतील प्रसूतींपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या. प्रसंगी शस्त्रक्रिया माता आणि बालक या दोघांचेही प्राण वाचवते, आणि तशी गरज पडलेल्या मातेने मनाला लावून घेण्याचे कारण नाही. पण जवळपास निम्म्या प्रसूतींत ती अपरिहार्य असते, हे पटणारे नाही.

येथे घरातील वडीलधाऱ्यांनीही आत्मपरीक्षण करायला हवे. पहिल्या चिकाच्या दुधाऐवजी बालकाला मध चाटवण्याची, गुळाचे पाणी किंवा बाळगुटी देण्याची चाल अनेक मराठी घरांत परंपरा म्हणून जपली जाते. एक वर्षाखालील बालकाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि सहाणेवरून वा बोटावरून जाणारे जंतू त्याच्या कोवळ्या आतड्यात पहिले पाऊल टाकतात. सुनेने वा लेकीने दवाखान्यात ऐकलेला सल्ला आजीने मोडून काढावा, हे प्रेमापोटी होत असले तरी त्याची किंमत बालक मोजते. काळाच्या कसोटीवर उतरलेले जपायचे आणि न उतरलेले सोडायचे, हीच जिवंत परंपरेची खूण असते.

समाधानाची गोष्ट ही की, या क्षेत्रात भारतीय शास्त्रज्ञ मागे नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा दीर्घकाळ अभ्यास केला. पाश्चात्त्य देशांतील लोकांच्या तुलनेत भारतीयांत ‘प्रिव्होटेला’ या गटातील जिवाणू अधिक आढळतात, असे या केंद्राच्या २०१६ सालच्या अभ्यासात दिसले. तंतुमय, धान्यप्रधान आहार घेणाऱ्या समाजांत हा गट सामान्यतः अधिक असतो. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील ग्रामस्थांच्या अभ्यासात वात, पित्त आणि कफ या प्रकृतींनुसार जिवाणूंच्या वस्तीत काही फरक असल्याचे २०१८ साली नोंदवले गेले. सहभागी व्यक्तींची संख्या शंभराच्या थोडीच वर असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण आपले प्रश्न आपल्या दृष्टीने मांडून आधुनिक कसोटीवर घासण्याचा हा मार्ग निश्चितच स्वागतार्ह आहे. युरोप-अमेरिकेतील माणसाच्या उदरातून काढलेले वाण भारतीय उदरात तसेच रुजेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्यासाठी भारतीय जिवाणूंचा संग्रह आणि भारतीय चाचण्याच हव्यात.

आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन स्थलांतरितांचा २०१८ सालचा अभ्यास भारतीय मध्यमवर्गानेही मनावर घेण्याजोगा आहे. अमेरिकेत गेल्यानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घटू लागली आणि पुढच्या पिढीत ती आणखी घटली. उंदरांवरील २०१६ सालच्या प्रयोगात तंतुहीन आहाराने काही जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या नाहीसे होत गेले, आणि नंतर केवळ आहार सुधारून ते परत आले नाहीत. परदेशी न जाताही घरबसल्या असे स्थलांतर घडू शकते. भाकरीची जागा मैद्याच्या पावाने, उसळीची जागा पाकिटातील शेवयांनी आणि ताकाची जागा साखरेच्या पेयाने घेतली, की ते सुरू झालेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ सालच्या ३६ जणांच्या अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांत जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाहाची लक्षणे कमी झाली. अभ्यास लहान आहे. पण ज्या घरात ताक घुसळले जाते, त्या घराला तो अंगवळणी असलेल्या गोष्टीचीच आठवण करून देतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली प्रोबायोटिक अन्नपदार्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. वेष्टणावर जिवाणूचे कुळ, जात आणि वाण यांचा स्पष्ट उल्लेख असावा, वापराच्या अखेरच्या दिवसापर्यंत किती जिवाणू सजीव राहतील हे लिहावे, साठवणुकीचे तापमान सांगावे, आरोग्यविषयक दाव्याला पुरावा असावा, अशा त्यांतील अपेक्षा आहेत. ग्राहकाने बाटली विकत घेताना चव आणि किंमत यांच्याबरोबर हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर बाटली परत ठेवावी. साखरेचे प्रमाणही वाचावे. कारण जिवाणूंच्या निमित्ताने मुलांच्या पोटात रोज साखर जात असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे साधे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचवले. त्या उपायात चमकदार असे काही नव्हते. तो स्वस्त होता, पारखलेला होता आणि गरिबाच्या हातात पोहोचणारा होता. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर. उदरातील जिवाणूंच्या संशोधनातूनही असा एखादा उपाय हाती येऊ शकेल, याची आशा ओडिशातील गावांनी दाखवली आहे. तो पारखून घेण्यासाठी पन्नास वर्षे लागू नयेत, ही जबाबदारी शासनाची आणि वैज्ञानिक संस्थांची आहे. कुटुंबांच्या हाती त्याआधीही बरेच काही आहे. पहिल्या तासात मातेचे दूध, गरजेपुरतेच प्रतिजैविक, आणि ताटात भाकरी, उसळ, भाजी व वाटीभर ताक. यासाठी कोणत्याही जाहिरातीची वा संशोधनाच्या पुढच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.